जुनी की नवी हे नंतर, आधी लेन्समधून टॉर्च मारा

प्रश्न थोडक्यात असा. एम माउंटचा (लायकाच्या एम कॅमेऱ्यांसारखी लेन्स बसवण्याची खाच असलेला) एक वापरलेला फिल्म रेंजफाइंडर कॅमेरा हाती आलाय आणि त्यावर ५० मिमीची एकच लेन्स घ्यायची आहे. एक मित्र म्हणतो, १९५०च्या दशकातली घे, तिच्यात ‘कॅरेक्टर’ असतं. दुसरा म्हणतो, आजची घे, कडेपर्यंत धारदार आणि डोक्याला ताप नाही. दोघांनी आपापले फोटो दाखवले आणि दोघांचेही आवडले. मग कोणाचं ऐकायचं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. पहिली लेन्स अलीकडची घ्या, एफ/२च्या आसपासची (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), साधीसुधी. जुनी जरूर घ्या, पण दुसरी म्हणून. आणि काही कारणाने जुनीच पहिली घ्यायची असेल तर मॉडेल शोधण्यात रात्री जागवू नका, नग शोधा. सत्तर वर्षांपूर्वी एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन लेन्स आज सारख्या राहिलेल्या नसतात. एक कोरड्या कपाटात राहिली, दुसरी चामड्याच्या बंद केसमध्ये दमट हवेत. एक कोणी उघडलीच नाही, दुसरी तिघांनी उघडली आणि त्यातल्या एकाने आतलं भिंग उलटं बसवलं. (हो, हे होतं. मी पाहिलंय.)

रेंजफाइंडरवर ही गोष्ट जास्त महत्त्वाची का, ते आधी समजून घ्या. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. लेन्स धुरकट असेल, फोकस घसरत असेल, तर कॅमेरा डोळ्याला लावल्यावर निदान शंका तरी येते. रेंजफाइंडरमध्ये आपण बघतो वेगळ्याच खिडकीतून. लेन्सच्या मागची एक धातूची कड बॉडीतल्या छोट्या चाकाला ढकलते, ते चाक आतला आरसा किंवा प्रिझम हलवतं आणि दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. झालं. लेन्सचा आणि तुमच्या डोळ्याचा संबंध एवढाच. लेन्सवर टोपी असली तरी समोरचं दृश्य लख्ख दिसतं, आणि रेंजफाइंडर वापरणाऱ्या प्रत्येकाने निदान अर्धा रोल तरी टोपी लावून काढलेला असतो. म्हणजे लेन्स खोटं बोलत असेल तर ते रोल धुतल्यावरच कळतं. ज्या वस्तूवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा आहे, ती निवडताना तिच्या वंशावळीपेक्षा तिची तब्येत बघावी.

माझी पहिली जुनी लेन्स मला फार आवडायची. खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा फोटो काढला की चेहऱ्याभोवती मऊ उजेड पसरायचा, सावल्या दुधाळ व्हायच्या. सात-आठ महिने मी त्याला जुन्या काचेची जादू समजून चालत होतो. मग फोकसची रिंग घट्ट झाली म्हणून लेन्स उघडायला दिली. कारागिराने अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांच्या मागचं भिंग काढून दाखवलं, त्यावर पातळ राखाडी साय चढली होती. ती पुसली गेली आणि जादूही गेली. लेन्स मुळात चांगली टणक, काँट्रास्टवाली होती. मला आवडत होतं ते वाफाळलेलं वंगण. तेव्हापासून कोणी जुन्या लेन्सच्या ‘ग्लो’बद्दल बोलू लागलं की मी आधी विचारतो, उघडून पाहिलीय का?

म्हणजे जुन्या लेन्समध्ये स्वतःचं काही नसतं का? असतं, आणि ते नेमकं कशातून येतं हे सांगता येतं.

सगळ्यात मोठा वाटा कोटिंगचा, म्हणजे परावर्तन कमी करायला काचेवर दिलेल्या पातळ थराचा. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के उजेड परततो, जास्त वक्रीभवनाच्या काचेवर त्याहून अधिक. १९३३ सालच्या लायकाच्या समार ५० मिमी एफ/२मध्ये सहा भिंगं चार गटांत आहेत, म्हणजे हवेला लागणारी आठ पृष्ठं. कोटिंग नसेल तर जेमतेम ७२ टक्के उजेड सरळ पार जातो. उरलेला सगळा बाहेर जात नाही, त्यातला काही आतल्या आत उसळ्या मारत शेवटी फिल्मवर पडतो, आणि पडतो तो सगळीकडे. सावल्या राखाडी होतात त्या यामुळे. लुडविग बेर्टेलेने १९३०च्या दशकात झाइससाठी केलेली सोनार रचना याच कारणासाठी गाजली. ५० मिमी एफ/१.५ची सात भिंगं त्याने तीनच गटांत चिकटवून बसवली, हवेला लागणारी पृष्ठं फक्त सहा. कोटिंग नसलेल्या काळात तिचा काँट्रास्ट इतरांपेक्षा उठून दिसायचा तो त्यामुळे.

झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५मध्ये कोटिंगची पद्धत शोधली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती सर्रास झाली. एकपदरी कोटिंगने ४ टक्क्यांचे साधारण दीड टक्का होतात. ही सवलत मिळताच रचनाकारांचे हात मोकळे झाले. १९५३ची लायकाची पहिली समिक्रॉन ५० मिमी पाहा, सात भिंगं सहा गटांत, हवेला लागणारी बारा पृष्ठं. कोटिंगशिवाय ती लेन्स म्हणजे धुक्याचा कारखाना ठरली असती. १९७०च्या दशकात बहुपदरी कोटिंग आलं आणि परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं. जुन्या आणि नव्या लेन्समधला जो फरक कोणालाही, अगदी चष्मा न लावता दिसतो, तो हाच: उजेड समोरून येत असताना सावल्या काळ्या राहतात की नाही.

दुसरा वाटा गोलीय विपथनाचा. भिंगाच्या कडेतून जाणारे किरण आणि मधून जाणारे किरण एकाच जागी जमत नाहीत. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला त्यामुळे धारदार गाभ्याभोवती एक मऊ कडा तयार होते. जुन्या वेगवान लेन्समध्ये ती जास्त असते आणि माणसांच्या चेहऱ्यांवर ती खरोखर सुंदर दिसते. त्याबद्दल माझा काही वाद नाही. आजच्या लेन्समध्ये अगोलीय (गोलाचा भाग नसलेल्या आकाराची) भिंगं घालून ती जवळजवळ पुसून टाकतात. हा शोधही तसा जुनाच. १९६६च्या लायकाच्या नॉक्टिलक्स ५० मिमी एफ/१.२मध्ये दोन अगोलीय पृष्ठं हाताने घासून केलेली होती, म्हणून ती लेन्स थोडीच बनली. साच्यात अशी भिंगं ओतता येऊ लागली तेव्हा ती सामान्य झाली.

पण हे सगळं पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचं. एफ/५.६ला आणा, उजेड आपल्या पाठीमागून घ्या, ४०० आयएसओची फिल्म घाला आणि कॅमेरा हातात धरून १/६०वर फोटो काढा. आता १९५६ची समिक्रॉन कोणती आणि परवा खोक्यातून काढलेली लेन्स कोणती, हे सांगा पाहू. मी स्वतः निगेटिव्हची पाकिटं मिसळून स्वतःलाच फसवलंय. हात हलणं, ग्रेन आणि फोकसची चूक या तिघांनी मिळून लेन्समधला फरक कधीच खाऊन टाकलेला असतो. तेव्हा आधी स्वतःला विचारा, मी एफ/२ला किती काढतो आणि एफ/८ला किती? रस्त्यावर दिवसा फिरून एफ/८ला फोटो काढणाऱ्याने कॅरेक्टरसाठी जुनी लेन्स घेणं म्हणजे पावसाळी चपला घेऊन कपाटात ठेवणं.

फिल्मचा प्रकारही धरायला हवा. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर कमी काँट्रास्टची लेन्स मला आवडते, विशेषतः टळटळीत उन्हात. आतला भटका उजेड सावल्यांवर पातळ पडदा टाकतो आणि त्यांना फिल्मच्या वक्राच्या अगदी तळातून थोडं वर उचलतो. डार्करूममध्ये कागदाला आधी हलका उजेड दाखवतात ना, साधारण तसंच. प्रिंट करताना कागदाची ग्रेड अर्धी-एक वर चढवली की झालं. स्लाइड फिल्मवर मात्र नंतर सुधारण्याची सोय नाही. तिथे युद्धपूर्व बिनकोटिंगची लेन्स वापरून कोणी फिके, धुतल्यासारखे रंग मिळाल्याची तक्रार करू लागला तर मी काय म्हणणार? रंगीत निगेटिव्ह या दोघांच्या मधोमध, बरंच सोसतं.

इथे एक इशारा. लेन्सबद्दल आज जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं डिजिटल बॉडीवर घेतलेल्या चाचण्यांवर बेतलेलं असतं. अमुक जुन्या वाइड लेन्सचे कोपरे माखतात, कडा जांभळट होतात वगैरे. सेन्सरवर काचेचा थर असतो आणि तिरपे येणारे किरण त्याला पचत नाहीत. फिल्मला त्याचं फारसं काही नाही. झाइसची सी-बायोगॉन २१ मिमी एफ/४.५ डिजिटलवर कडांच्या रंगांसाठी बदनाम आहे, फिल्मवर मात्र ती अप्रतिम. जुन्या सुपर-अँग्युलॉन २१ मिमीचंही तसंच. फिल्म वापरणाऱ्याने ते दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊ नयेत, उलट त्यांच्यामुळे ज्या लेन्स लोक विकून टाकतात त्यांच्यावर नजर ठेवावी.

आता नग तपासण्याचं. जुनी लेन्स घेताना खरं काम एवढंच आहे, म्हणून सावकाश सांगतो.

लेन्स बॉडीवरून काढा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च थोडी तिरपी धरा आणि पुढून बघा, मग उलट करा. खोलीच्या छताकडे धरून ‘स्वच्छ दिसतेय की’ म्हणण्याला काही अर्थ नाही, तसं बघितलं तर माझी सायवाली लेन्सही स्वच्छच दिसत होती. टॉर्चच्या उजेडात एकसारखा दुधी पडदा दिसला तर तो धुरकटपणा. फोकसच्या आट्यांतलं ग्रीस वर्षानुवर्षं वाफाळून आतल्या भिंगांवर बसतं, बहुतेक वेळा पाकळ्यांच्या शेजारच्या पृष्ठांवर. वेळेत पुसलं तर जातं. फार वर्षं राहिलं तर काचेलाच खातं आणि मग कोणाच्या हातात काही उरत नाही. कॅननच्या जुन्या ५० मिमी स्क्रू लेन्स छान आहेत, पण पाकळ्यांमागच्या भिंगावर साय चढण्यासाठी त्या प्रसिद्ध आहेत, तिथे बघितल्याशिवाय घेऊ नका.

मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या तर बुरशी. कडेला एखादा बारीक कोंब असेल आणि लेन्स लगेच उघडून साफ होणार असेल तर मी घेतो. मधोमध जाळं असेल तर हात जोडतो. कडेला इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुडे दिसले तर चिकटवलेली भिंगं सुटू लागलीत. जुन्या काळी ती कॅनडा बाल्समने चिकटवत, हा एक प्रकारचा झाडाचा डिंक. ती सोडवून परत चिकटवणारे कारागीर विरळ, म्हणून असला नग घेऊ नका. धुळीचे कण सत्तर वर्षांच्या लेन्समध्ये असणारच, त्यांची काळजी करू नका.

पुढच्या भिंगावरचे ओरखडे लोक चुकीचे वाचतात. एक खोल, ठळक चरा दिसला की घाबरतात आणि शर्टाने पुसून पुसून झालेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक रेषांचं जाळं त्यांना दिसतही नाही. उलट आहे. एका चऱ्याने जवळजवळ काही बिघडत नाही, त्यात काळी शाई भरली की तो गप्प बसतो. बारीक रेषांचं जाळं मात्र अख्ख्या चित्राचा काँट्रास्ट पाडतं. समारच्या पुढच्या भिंगाची काच मऊ आहे, त्यामुळे तिचे बहुतेक नग असेच घासलेले मिळतात. समारचं ‘स्वप्नाळू’ म्हणून जे कौतुक होतं त्यात या जाळ्यांचाही हात असावा, असा मला दाट संशय आहे.

पाकळ्यांवर तेल दिसलं तर? एसएलआरच्या लेन्समध्ये पाकळ्या झटक्यात मिटाव्या लागतात, तिथे तेल म्हणजे बिघाड. रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये त्या आपण हाताने फिरवतो, त्यामुळे तेलाने काम अडत नाही आणि विक्रेताही तसंच सांगतो. खरंय ते. पण आजचं तेल ही उद्याची साय, हे लक्षात ठेवून बोली लावा.

रिंग फिरवून बघा. जड असेल तर सर्व्हिसिंगने सुटते. पण टोकं धरून हलवल्यावर लेन्स खुळखुळत असेल तर आटे झिजलेत, त्याला औषध नाही. एका बाबतीत जुन्या लेन्सना मी मनापासून मानतो, त्या उघडण्यासाठीच बनवलेल्या होत्या. पितळ, स्क्रू, आटे. ज्याच्या हातात कला आहे तो त्या आजही नव्यासारख्या करतो. नव्या लेन्समध्ये, विशेषतः फोकसबरोबर आतले गट वेगवेगळे सरकणाऱ्या लेन्समध्ये, एकदा पडली की कंपनीशिवाय दुसरा रस्ता बहुधा नसतो.

नंतर जोडणीचा प्रश्न. १९५४मध्ये एम माउंटचा पहिला कॅमेरा, एम३, आला तेव्हा लायकाने एक शहाणपणाचं काम केलं. जुन्या स्क्रू माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी होतं, नव्या एम माउंटचं २७.८ ठेवलं. मधल्या एक मिलिमीटरात अडॅप्टरची कडी बसते. म्हणून १९३०च्या दशकातली स्क्रू लेन्स तुमच्या बॉडीवर फोकससकट चालते. अडॅप्टर मात्र नीट घ्या. तो ०.०५ मिमी जाड निघाला तर ५० मिमीच्या लेन्सची कड आणि भिंग दोन्ही सारखंच पुढे सरकतात, त्यामुळे जवळचं जुळतं, पण रिंग इन्फिनिटीला (सगळ्यात दूरच्या टोकाला) टेकल्यावरही लेन्स साधारण ५० मीटरवरच फोकस झालेली असते. ३५ किंवा ९० मिमीला जवळचंही बिनसतं, कारण तिथे कडेची हालचाल आणि भिंगाची हालचाल यांचं प्रमाण वेगळं असतं. शिवाय अडॅप्टर कोणती फ्रेमलाइन, म्हणजे खिडकीतली चौकट, वर आणतो तेही बघा. ते तीन प्रकारचे असतात आणि चुकीचा घेतला तर ५० मिमीच्या लेन्सला ९०ची चौकट दिसत राहते.

सोव्हिएत ज्युपिटर लेन्सची वेगळी गोष्ट. ज्युपिटर-३ आणि ज्युपिटर-८ या मूळच्या झाइस सोनार, आणि त्यांचं फोकसचं गणित कॉन्टॅक्स या झाइसच्या रेंजफाइंडरच्या परंपरेतलं. लायकाची यंत्रणा ५१.६ मिमी ही खरी नाभीलांबी धरून चालते, ज्युपिटरची त्याहून किंचित जास्त. त्यामुळे दूरचं जुळवलं की जवळचं सुटतं आणि जवळचं जुळवलं की दूरचं. आत पातळ चकत्या घालून एका ठरावीक अंतराला नेमकं बसवता येतं, आणि माणसांचे फोटोच काढायचे असतील तर तेवढं पुरतं. स्वस्तात सोनारची चव घ्यायला चांगल्या लेन्स आहेत. पण पहिली आणि एकमेव म्हणून नको.

हे इतकं काटेकोर का, तर आकडा बघा. ५० मिमी, एफ/१.५, एक मीटर अंतर: नेटकं दिसणारं क्षेत्र एकूण साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. डोळ्यावर धरलं तर कान गेलाच. आणि तुम्ही लेन्समधून बघत नाही आहात.

नव्या लेन्सही या बाबतीत धुतल्या तांदळाच्या नाहीत. गोलीय विपथन शिल्लक असलेल्या लेन्सचं अ‍ॅपर्चर मिटवलं की फोकसची जागा मागे सरकते. झाइसची एम माउंटसाठीच्या झेडएम मालिकेतली सी सोनार ५० मिमी एफ/१.५ याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. एसएलआरमध्येही हे होतं, पण रेंजफाइंडरला ते कळायला काही मार्गच नाही, त्याला वाटतं आपण बरोबर आहोत. अशा लेन्सला तुम्ही शिकता: एफ/२.८ला थोडं मागे झुकायचं, एफ/५.६च्या पुढे विसरायचं. अनुभवी माणसाला त्याची मजा येते. नवख्याला वाटतं आपले डोळे गेले. पहिली लेन्स एफ/२ची, साधी घ्या असं मी म्हटलं ते मुख्यतः यासाठी. एफ/२च्या चांगल्या लेन्सचा फोकस जवळपास सरकत नाही, ती लहान असते आणि व्ह्यूफाइंडरचा कोपरा झाकत नाही.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते. सी सोनार या शतकातली, पण तिच्यातला विचार १९३०च्या दशकातला. फोइग्टलेंडर हे नाव १९९९पासून कोसिनाने रेंजफाइंडरसाठी पुन्हा आणलं, त्यातल्या काही नॉक्टन लेन्स एकपदरी आणि बहुपदरी अशा दोन्ही कोटिंगांत मिळत आल्या, म्हणजे ‘जुनेपणा’ नवा विकत घ्या. उलट बाजूला समिक्रॉन ५० मिमीची १९७९ची रचना घ्या, वॉल्टर मांडलर यांची. पुढे बाहेरचं नळकांडं बदललं, हुड (तिरपा उजेड अडवणारी पुढची कड) आत आला, पण भिंगांची मांडणी दशकानुदशकं तीच राहिली. आता ही जुनी म्हणायची की नवी? लेन्सचं वय जन्मसालावरून नाही, रचना आणि कोटिंगावरून मोजावं.

आणि म्हणूनच वापरलेल्यातच घ्यायची असेल तर माझं बोट मधल्या पिढीकडे जातं, साधारण १९७०च्या दशकाच्या शेवटापासून १९९०च्या दशकापर्यंत. कोटिंग आधुनिक, फोकस ०.७ मीटरपर्यंत, वजन बेताचं, आणि अजून उघडून दुरुस्त होतात. जुन्या नावांचा दिमाख त्यांना नसतो म्हणून लोक पुढे सरकतात. अगदी नवी घ्यायची तर झाइस झेडएम प्लानार ५० मिमी एफ/२ डोळे झाकून. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हेच तिचं कौतुक.

फार जुन्याकडे गेलात तर हाताळणीतले काही चटके आधी माहीत असू द्या. बहुतेक एक मीटरच्या आत येत नाहीत. आकडे ३.२, ४.५, ६.३, ९ असे भलतेच, आणि खटके नसतात, त्यामुळे बॅगेतून काढताना अ‍ॅपर्चर सरकलेलं असतं. एल्मार ५० मिमी एफ/३.५चं अ‍ॅपर्चर भिंगाभोवतीच्या छोट्या कडीवर, हुड लावला की ते बदलणं म्हणजे नाकात बोट घालण्याइतकंच डौलदार. फिल्टरचे व्यास विचित्र. आत सरकणाऱ्या लेन्स खिशाला सोयीच्या, पण लायका सीएल, एम५ यांसारख्या ज्या बॉडींमध्ये मीटरचा दांडा फिल्मसमोर येतो तिथे त्या आत ढकलू नका. ज्युपिटर-१२सारख्या मागे खोल घुसणाऱ्या लेन्सही तिथे लावू नका. आणि एम३वर ३५ मिमी वापरायचा विचार असेल तर त्यात ३५ची चौकटच नाही. त्यासाठी बनवलेल्या, पुढे चष्मा लावलेल्या लेन्स मिळतात, गमतीदार दिसतात आणि चांगल्या चालतात.

हुड मात्र कुठल्याही पिढीला लावा. जुन्या लेन्सच्या निम्म्या तक्रारी हुडनेच मिटतात. आणि लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात तोंड वर करून ठेवू नका, कापडी शटरला भोक पडतं. टोपीवर मी मघाशी हसलो खरा, पण ती असते ती यासाठीच.

आता पहिली लेन्स नवी का, याचं सगळ्यात व्यवहारी कारण. तुमची बॉडी वापरलेली आहे. तिच्या रेंजफाइंडरची खात्री नाही. तिच्यावर खात्री नसलेली जुनी लेन्स लावलीत तर पहिल्या रोलवर फोकस चुकल्यावर दोघांपैकी कोणाला धरणार? मी एका गृहस्थांना तीन वेळा लेन्स जुळवून आणताना पाहिलं, आणि शेवटी निघालं की चाकाचा दांडाच वाकलेला होता. हाताशी एक भरवशाची लेन्स असली तर बॉडी आधी तिच्याशी पडताळता येते, मग पुढे येणारी प्रत्येक जुनी लेन्स त्या बॉडीवर.

पडताळणी एका रोलात होते. १०० आयएसओची बारीक ग्रेनची फिल्म, तिपाई, केबल रिलीज. एक मीटरवर मोजपट्टी तिरपी ठेवून तिच्या एका ठळक आकड्यावर फोकस करा, आधी लांबून जवळ येत, मग जवळून लांब जात. दोन फ्रेममध्ये फरक पडला तर कुठेतरी खेळ आहे. मग तेच पूर्ण उघड्यावर, एफ/२.८ आणि एफ/४ला, म्हणजे फोकस सरकतो का ते दिसेल. तीन मीटरवर पुन्हा. इन्फिनिटीसाठी किलोमीटरभर दूरचा मनोरा किंवा रात्रीचे दिवे, लेन्स उघडी आणि रिंग टोकाला टेकवून. एक फ्रेम खिडकीसमोर, सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून, हुडसह आणि हुडशिवाय. एकसारख्या राखाडी आभाळाची एक फ्रेम, कोपरे किती गडद होतात त्यासाठी. प्रत्येक फ्रेमची वहीत नोंद करा, कारण आठवडाभराने काही आठवत नाही.

निगेटिव्ह टेबलावर ठेवून लुपने (छोट्या हातभिंगाने) मोजपट्टीचे आकडे वाचा. चूक सगळ्या लेन्सना एकाच बाजूला असेल तर बॉडी जुळवून घ्या, एकाच लेन्सला असेल तर ती लेन्स परत करा किंवा कारागिराकडे द्या. परत करण्याची मुदत संपायच्या आत रोल धुऊन झाला पाहिजे, म्हणून लेन्स हाती आली त्याच दिवशी फिल्म भरा.